कार्लाइल: तीन नद्या आणि सरकती सीमा

स्कॉटलंडला जाताना बहुतेक जण इंग्लंडच्या वायव्य टोकाला असलेल्या कार्लाइलला फक्त गाडी बदलतात. निदान एक दिवस तरी इथे उतरावं, असं हे शहर आहे.

आधी पाण्याची गोष्ट. ईडन नदी शहराच्या उत्तर कडेने जाते आणि शहराच्या पश्चिम बाजूने कॉल्ड्यू, पूर्व बाजूने पेटेरिल तिला इथेच येऊन मिळतात. ईडन फुगली की या दोघींचं पाणी पुढे सरकायला जागाच उरत नाही; ते मागे तुंबतं आणि सखल वस्त्यांत शिरतं. जानेवारी २००५ मध्ये पोलिस ठाणं आणि अग्निशमन केंद्रच पाण्याखाली गेलं, तिघांचा जीव गेला. त्यानंतर मोठे पूररोधक बांध घातले, तरी डिसेंबर २०१५ मध्ये डेझमंड वादळाचं पाणी त्यांच्यावरून आत आलं. जुनं गाव उंचवट्यावर का वसलं, हे नदीकाठाने चालताना लगेच कळतं.

त्याच उंचवट्यावर रोमनांनी सन ७२-७३ च्या सुमारास लाकडी गढी उभारली. गावाचं तेव्हाचं नाव लुगुव्हेलियम. हेड्रियनची भिंत, म्हणजे रोमनांनी उत्तर सीमेवर बांधलेला तट, बघायची म्हणून इथे येणाऱ्यांची मात्र निराशा होते. नदीपलीकडे स्टॅनिक्सला भिंतीवरचा सर्वांत मोठा किल्ला होता, हजार घोडेस्वारांचा. आज त्यावर घरं आणि चर्च आहे, आणि दगड कधीच दुसऱ्या बांधकामांत गेले. अखंड भिंत पाहायची तर पूर्वेला बर्डोस्वाल्ड गाठा.

आज इंग्लंड-स्कॉटलंड सीमा साधारण १६ किलोमीटरवर आहे, पण ती कायम तिथे नव्हती. इंग्लंडच्या जमिनींच्या १०८६ च्या डूम्सडे पाहणीत कार्लाइल नाहीच, कारण तेव्हा हा मुलूख स्कॉटिश राजाच्या ताब्यात होता. १०९२ मध्ये इंग्लंडचा राजा विल्यम रूफस याने तो जिंकून किल्ला बांधायला घेतला. पुढे स्कॉटलंडचा राजा पहिला डेव्हिड याने तो परत मिळवला आणि ११५३ मध्ये तो याच गावात वारला. शेवटचा वेढा १७४५ चा: नोव्हेंबरात जॅकोबाइटांनी, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांनी, शहर घेतलं, डिसेंबर संपायच्या आत सरकारी फौजेचा सेनापती ड्यूक ऑफ कंबरलंडने सोडवलं. किल्ल्याच्या बालेकिल्ल्यात वर जायला विसरू नका. तिथे १४८० च्या सुमारास दगडात कोरलेली चित्रं आहेत: प्राणी, माणसं, घराण्यांची चिन्हं. ती कैद्यांची म्हणून सांगितली जात, पण रिकाम्या वेळी पहारेकऱ्यांनी कोरली असावीत, हे मला जास्त पटतं.

किल्ला आणि गाव यांच्यामध्ये रहदारीचा मोठा रस्ता आहे. त्याखालच्या भुयारी मार्गात २००१ मध्ये बसवलेली शापशिला आहे. ग्लासगोचे आर्चबिशप डनबार यांनी १५२५ मध्ये सीमेवरच्या दरोडेखोर घराण्यांना दिलेला शाप तिच्यावर कोरलाय. आर्मस्ट्राँग, ग्रॅहम, निक्सन ही त्या घराण्यांची आडनावं. त्यांचे रीव्हर्स, म्हणजे धाडी घालणारे लुटारू, सीमेच्या दोन्ही बाजूंची गुरं पळवत. २००५ च्या पुरानंतर ही शिलाच अपशकुनी म्हणून हटवायचा प्रस्ताव नगर परिषदेत आला आणि फेटाळला गेला.

कॅथीड्रल लाल वालुकाश्माचं आहे आणि आखूड दिसतं. मूळ सभागृहाच्या सात खणांपैकी दोनच उरले. बाकीचा दगड सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धाच्या काळात स्कॉटिश सैन्याने तटबंदीसाठी काढून नेला. उरलेल्या नॉर्मन कमानी जमीन खचल्यामुळे वेड्यावाकड्या झाल्या आहेत, त्या आवर्जून पाहा. नंतर मान वर करून निळं, सोनेरी ताऱ्यांचं छत आणि पूर्वेची चौदाव्या शतकातली नऊ झरोक्यांची खिडकी.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. पहिल्या महायुद्धात जवळच ग्रेटनाला दारूगोळ्याचा प्रचंड कारखाना उभा राहिला आणि कामगारांच्या पिण्याला आळा घालायला सरकारने १९१६ मध्ये इथले पब आणि बिअरचे कारखाने ताब्यात घेतले. व्यवस्थापकाला ठरावीक पगार, म्हणजे जास्त बिअर विकून त्याचा फायदा नाही. ही व्यवस्था सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली! त्या काळात बांधलेल्या काही पबांच्या इमारती अजून उभ्या आहेत.

किल्ला, कॅथीड्रल आणि टली हाउस संग्रहालय एकमेकांपासून चालत पाच-दहा मिनिटांवर आहेत. हे एका दिवसात होतं. बर्डोस्वाल्डसाठी वेगळा दिवस ठेवा.