नवी टूरिंग बाइक: आधी मागचं सस्पेन्शन बघा

लहान बाइकवरून टूरिंगवर (लांब पल्ल्याच्या जड बाइकवर) आलं की पहिल्या वळणांवर ती आळशी वाटते. दोष बहुतेक वेळा वजनाचा नाही, मागच्या प्रीलोडचा, म्हणजे सस्पेन्शनची स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे त्याचा असतो. सामान लादलं, मागे कुणी बसलं की शेपूट खचते, पुढचं चाक हलकं पडतं, हेडलाइट वर जातो. मागचं चाक अधांतरी असताना त्याच्या ॲक्सलपासून (मधल्या दांड्यापासून) सीटखालच्या एका खुणेपर्यंतचं अंतर मोजा, मग बसून पुन्हा मोजा. फरक एकूण ट्रॅव्हलच्या (सस्पेन्शन जास्तीत जास्त जेवढं दबतं त्याच्या) साधारण 30 टक्के हवा. 150 मिमीला 45. जास्त भरला तर प्रीलोड वाढवा. एवढ्यानंच बाइक बदलते!

चेन बाइकवरच्या स्टिकरवर दिलेल्या मापापेक्षा घट्ट नको. सस्पेन्शन दबताना ती ताणली जाते आणि पुढच्या स्प्रॉकेटमागचं (चेनच्या दातेरी चाकामागचं) बेअरिंग खाते. नवे टायर पहिले 150 किमी निसरडे असतात, तोवर झुकणं बेतानं.