गाडी वाजते

दुपारी अडीचच्या सुमाराला गाडी बंद केली, किल्ली काढली आणि तरी पाच मिनिटं तशीच बसून राहिले. आवाज थांबला होता. गाडीच थांबली म्हटल्यावर तो थांबणारच. पण डोक्यात चालूच होता. कुर्र, कुर्र, मग जरा दम खाऊन, टक.

दोन दिवस पिकअप कोरड्या नदीपात्रातून, गोट्यांवरून, चिखलातून मनसोक्त उंडारून आणली होती. तिथं असताना काही म्हणता काही ऐकू आलं नाही. तिथं सगळंच वाजत असतं. दगड, इंजिन, हौद्यातलं सामान, आपले दात. खरी तक्रार सुरू होते ती डांबरी रस्त्याला लागल्यावर. रस्ता गुळगुळीत, काचा वर, आणि मग एकेक जण तोंड उघडतो. पाहुणे गेल्यावर घरातली माणसं बोलायला लागतात, तसं.

हे बोलणं कानाआड करणारे लोक आहेत. गाण्याचा आवाज वाढवतात आणि पुढं जातात. मला ते जमत नाही. माझा रेडिओ बंद, एसी बंद आणि शेजारी बसलेल्या माणसाचं तोंडही बंद. एका मैत्रिणीला मी असंच 'श्श!' केलं होतं. ती बिचारी तिच्या घटस्फोटाबद्दल सांगत होती आणि मला मागच्या शॉकअपमधून काहीतरी आल्यासारखं वाटलं. ती अजून बोलते माझ्याशी. गाडीत नाही बोलत.

हे दुखणं मला आईकडून आलंय. आमच्याकडं गाडी चालवायचे बाबा आणि ऐकायची आई. तिला गाडीचा एकही भाग धड नावानं माहीत नव्हता. बॉनेटला ती झाकण म्हणायची. पण आवाजाला तिच्याकडं नेमका शब्द असायचा, आणि एकाच्या जागी दुसरा तिनं कधी वापरला नाही. आज कुरकुरतंय. आज करकरतंय. आज खुळखुळतंय, काल खडखडत होतं. बाबा त्याचं यांत्रिक भाषांतर करायचे. कुरकुर म्हणजे रबर, करकर म्हणजे लोखंडावर लोखंड. खुळखुळ म्हणजे सैल आणि लहान, खडखड म्हणजे सैल आणि मोठं. मी दोघांच्या मध्ये बसलेली असायचे आणि मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी गाडी अशीच चालवतात.

एका रात्री आई म्हणाली, "मागं काहीतरी कण्हतंय."

"कण्हतंय म्हणजे?"

"कण्हतंय म्हणजे कण्हतंय. दुखतंय कुणाला तरी. वेग वाढवलात की वरच्या पट्टीत जातं."

बाबांनी वेग कमी-जास्त करून पाहिला. मग मोकळ्या रस्त्यावर गाडी डावीकडं झोकली, उजवीकडं झोकली. "कधी वाढतं?" "डावीकडं वळलात की." "मग उजवं चाक," बाबा म्हणाले. डावीकडं वळताना गाडीचा भार उजव्या बाजूवर कलतो, आणि ज्या बेअरिंगचं दुखतं तेच भाराखाली ओरडतं. सकाळी त्यांनी मागचं उजवं चाक उचललं, हातानं गरगर फिरवलं आणि माझा तळवा धरून स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यावर ठेवला. ऐकू काहीच येत नव्हतं. हाताला मात्र लागत होतं, दूर कुठंतरी जातं फिरत असल्यासारखी घरघर. "कळलं?" बाबांनी विचारलं. मी हो म्हटलं. तेव्हा कळलं नव्हतं, पण हात काढावासा वाटत नव्हता.

असो. तर माझी पिकअप.

आवाजाइतका लबाड साक्षीदार नाही. पिकअपची चासी म्हणजे दोन लांब तुळया आणि मध्ये आडवे दांडे, आडवी टाकलेली लोखंडी शिडीच. हवेतून आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, पोलादातून 5000 च्या आसपास. त्यामुळं मागच्या शॅकलचं, म्हणजे पाट्याचं टोक चासीला टांगणाऱ्या कडीचं, रडणं पुढं डॅशबोर्डमधून ऐकू येतं आणि माणूस डॅशबोर्ड खोलून बसतो. मी बसले आहे. दोनदा. दुसऱ्यांदा जोडताना चार स्क्रू उरले. ते ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकले, आता तेच खुळखुळतात.

या वेळी पहिला चोर सोपा होता. चाकाच्या फेऱ्यागणिक एक बारीक किंचाळी. ऑफ-रोडवरून आल्यावर अशी किंचाळी आली की ब्रेक डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्या फटीत खडा अडकलाय असं आधी समजायचं. दहा फूट रिव्हर्स घेतली तर कधी कधी तो आपण होऊन पडतो. माझा पडला नाही. चाक काढलं, स्क्रूड्रायव्हरनं पत्रा जरासा मागं दाबला आणि नखाएवढा खडा टुणकन खाली. एवढ्याशा जिवानं एवढा कालवा!

दुसरी खडखड. तिची गंमत अशी की गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम चढली तर चिडीचूप, आणि एकच चाक खड्ड्यात गेलं की सुरू. दोन्ही चाकं बरोबर वर-खाली झाली तर त्यांना जोडणाऱ्या दांड्याला, स्टॅबिलायझर बारला, पीळ पडत नाही आणि त्याच्या टोकाच्या लिंकला कामच नसतं. एक चाक एकटं उचललं गेलं की पीळ पडतो आणि लिंकच्या जोडातली ढिलाई बोलते. लिंक मुठीत धरून हलवली. हललीच. नवी घातली. (गाडीखाली शिरायचं तर स्टँड लावून. नुसत्या जॅकच्या भरवशावर मी कुत्र्यालाही गाडीखाली जाऊ देत नाही.)

मग कुरकुर. हिच्यासाठी अवजार म्हणजे पाण्याची बाटली. एक जागा भिजवायची, हौद्यात चढून उड्या मारायच्या, ऐकायचं. पाट्याच्या पुढच्या टोकातल्या रबरी बुशवर पाणी, उड्या, कुर्र. शॅकलवर पाणी, उड्या, कुर्र. शेजारचा मुलगा भिंतीवरून बघत होता. "ताई, काय करताय?" "ऐकतेय." तो घरात निघून गेला. मग पाट्यांच्या टोकांवर पाणी ओतलं, उड्या मारल्या, आणि गप्प.

पाट्यांच्या टोकाशी, एक पाटा दुसऱ्यावर घासतो तिथं, नायलॉनची चकती असते. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंची एकेक चकती कुठल्या तरी दगडात राहिली होती आणि त्या जागी वाळू भरली होती. घासताना लोखंड अडतं, ताण साठतो, सुटतं, पुन्हा अडतं. व्हायोलिनची तार गजाखाली हेच करते. तिथं आपण डोळे मिटून ऐकतो, इथं पाना शोधतो. जुन्या मोटारींच्या पाट्यांना चामड्याचे मोजे चढवलेले असत, आत ग्रीस भरून. पाट्यांनी बोलू नये म्हणून मोजे! हे कळल्यापासून मला त्या मोटारी फार सोज्वळ वाटायला लागल्यात.

अशा वेळी हात आपसूक तेलाच्या डब्याकडं जातो. जाऊ देऊ नये. खनिज तेलानं रबरी बुश फुगतात, आणि उघड्या ग्रीसला धूळ चिकटून पाट्यांमध्ये पॉलिश पेपर तयार होतो. मी पाटे धुतले, डाव्या बाजूला नवी चकती बसवली. उजवीकडची मिळायची आहे.

उरलं ते टक. या टकनं मला रडवलं. यू-बोल्ट टॉर्क पान्यानं तपासले, घट्ट. गिअर पुढं-मागं टाकून शाफ्टचे क्रॉस पाहिले, ठीक. ब्रेकचे पॅड, शॉकअपची वरची नटं, इंजिनखालच्या पत्र्याचे बोल्ट, सायलेन्सरची रबरं. स्टेपनीसुद्धा उतरवून पुन्हा चढवली. वहीत रोज लिहीत होते. सोमवार, टक. मंगळवार, टक, दोनदा. बुधवार, नाही. गुरुवारी नुसतीच शिवी आहे.

रविवारी आईला डोळ्यांच्या तपासणीला न्यायचं होतं. ती आता पंच्याहत्तरीची आहे, बाबा नाहीत, आणि तिचे कान गेलेत. सगळे नाही. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, तसे तिचे गेले. शिट्टी, पाखरं, फोनची रिंग. गाडीत बसली की ती पहिल्यापासून चपला काढते आणि तळपाय फरशीवर सपाट टेकवते. मी तिला काही सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या सिग्नलला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "ठक झालं गं."

"तुला ऐकू आलं?"

"ऐकू कुठलं! पायाला लागलं. थांबताना."

"टक ना?"

"टक कसं असेल? टक वरचं असतं, हलकं. हे ठक. वजनाचं."

मी आठवडाभर टक शोधत होते. टक म्हणून हाताशी आलं ते सगळं हलकं, बारीकसारीक तपासत बसले होते. तपासणी झाल्यावर गाडी मोकळ्या मैदानात घातली. पुढं जाऊन ब्रेक लावला. "झालं," आई म्हणाली. मागं जाऊन ब्रेक. "झालं." पुन्हा मागं जाऊन ब्रेक. "आता नाही." पुन्हा पुढं. "झालं." सैल झालेली वस्तू दर दिशेला एकदाच सरकते. मग ती तिथंच टेकून राहते, उलटा धक्का बसेपर्यंत. आणि ब्रेक लागला की पुढच्या चाकाला मागं रेटणारा सगळा जोर लोअर आर्मवर, चाकाला चासीशी धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्यावर, येतो.

तिच्याच बाजूच्या लोअर आर्मचा मागचा बोल्ट. नट पाऊण फेरा फिरला. वॉशर सरकून घासला गेला होता तिथं लोखंड चांदीसारखं चकाकत होतं. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन गाडीवर ठेवूनच तो आवळला. चाक हवेत लोंबकळत असताना आवळला तर बुशचं रबर जन्मभर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. अलाइनमेंट करून आणली.

काल आईला फेरी मारून आणली. मुद्दाम तीन-चार ठिकाणी जोरात ब्रेक लावले. ती खाली पायांकडं बघत होती.

"गेलं," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "आणि ते दुसरं? तू फोनवर म्हणाली होतीस, कुरकुरतंय म्हणून."

गल्लीच्या वळणावर गाडी कलली. मागून उजवीकडून, अगदी स्वच्छ, कुर्र, कुर्र. आई माझ्या तोंडाकडं बघत होती. तळपाय सपाट, मान किंचित तिरकी, पूर्वी ऐकताना करायची तशी.

"थांबलं ते," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि पायांनी चपला शोधायला लागली.