१९५१ ची शेव्हरोले, एसी आणि काउलच्या झडपा

माझ्या १९५१ च्या शेव्हरोले पिकअपला एसी बसवतोय, मागच्या नोंदीत कंप्रेसरचा ब्रॅकेट आणि पुलीपर्यंत आलो होतो. आता मधलं सगळ्यात किचकट काम मार्गी लागलंय: काउलमधल्या (बोनेट आणि पुढची काच यांच्यामधला पत्र्याचा भाग) बाहेरची हवा आत घेणाऱ्या जुन्या झडपांचं काय करायचं. एसी बसवणारे बहुतेक जण हे काम शेवटच्या दिवसासाठी ठेवतात आणि पत्र्याचा तुकडा वेल्ड करून मोकळे होतात. कोकणात तरी असं करू नये असं माझं ठाम मत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी ३१०० पिकअप, उजव्या स्टिअरिंगची, शिवडीच्या जुळणीची. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणी सुरू केली आणि पन्नाशीच्या दशकात ती गुंडाळली, त्यामुळे आपल्याकडे सापडणाऱ्या शेव्हरोले ट्रकांपैकी हे शेवटचं पीक. या मालिकेचा ट्रक १९४७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत आला, तेव्हा कंपनीने त्याची जाहिरात ‘श्वास घेणारी केबिन’ अशीच केली होती. बाहेरची हवा आत घ्यायची, हिवाळ्यात ती हीटरवरून तापवायची आणि वापरलेली हवा बाहेर ढकलायची, ही त्यामागची योजना. वायुवीजन हाच ज्या केबिनचा मुख्य गुण होता, तिच्यात आपण दारं-खिडक्या बंद करून थंड हवा कोंडणार आहोत. त्यामुळे आधी ही हवा कुठून येते ते समजून घ्यायला हवं.

माझ्या गाडीत वाटा तीन. पुढच्या काचेच्या पायथ्याशी, बोनेटच्या मागे, वर उघडणारी झडप. पायाशी काउलच्या बाजूला दुसरी, हाताने उघडायची. तिसरी हीटरची जागा. आमच्या गाडीला हीटर कधी नव्हताच, तिथे गोल पत्र्याचं झाकण आणि त्याखाली वाळून तडकलेलं रबर. दारांच्या लहान तिकोनी काचा चौथ्या म्हणता येतील, पण त्यांचं रबर नवं मिळतं, तो प्रश्न वेगळा.

काचेच्या पायथ्याची झडप सगळ्यात महत्त्वाची. गाडी पळते तेव्हा वारा बोनेटवरून येऊन काचेवर आदळतो आणि नेमका तिथे हवेचा दाब वाढतो. म्हणून तर बनवणाऱ्यांनी झडप तिथे ठेवली. पण याचाच अर्थ, त्या झडपेचं रबर गेलेलं असेल तर वेग वाढेल तशी गळती वाढते. उभ्या गाडीत एसी झकास वाटतो आणि हायवेला लागल्यावर ‘गॅस कमी झाला’ अशी तक्रार येते, त्यातल्या कितीतरी तक्रारी गॅसच्या नसतात.

आता कोकणातला खरा मुद्दा: दमट हवा. मे महिन्यात वेंगुर्ला-मालवण पट्ट्यात ३२ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता ही रोजची गोष्ट. अशा एक किलो हवेत साडेबावीस ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. केबिनमध्ये २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रता हवी असेल तर तिथे सव्वानऊ ग्रॅमच चालतं. मधले तेरा ग्रॅम कूलिंग कॉइलला पाणी करून खाली टाकावे लागतात. समजा फटींतून मिनिटाला फक्त एक घनमीटर हवा आत येतेय. हिशोब केला तर कॉइलवर तासाला जवळपास ९०० मिली पाणी धरतं. त्या पाण्यासाठी सुमारे ०.६ किलोवॅट ताकद जाते आणि हवेचं तापमान खाली आणायला फक्त ०.१५. म्हणजे उष्णतेच्या चौपट भार ओलाव्याचा. एक टनाचा एसी म्हणजे साडेतीन किलोवॅट, त्यातला पाचवा हिस्सा एका गळक्या झडपेने खाल्ला. कोरड्या मुलखातल्या गाडीवाल्यांचे अनुभव वाचून आपण सामान निवडतो आणि इथे ते कमी पडतं, त्याचं कारण हे आहे.

इतकं असेल तर वेल्डिंग का नको? आमच्या एसीवाल्या मेकॅनिकचं म्हणणं तेच होतं, “दादा, एक पट्टी मारून टाकू, कटकट मिटली.” मी कुडाळच्या आमच्या डेंटर आबांना गाडी दाखवली. त्यांनी झडप उघडली, बोट घालून आतली पन्हळ चाचपली आणि ओली माती बाहेर काढून माझ्यासमोर धरली. वर फणसाची सुकलेली पानं, खाली खारट चिखल, आणि त्याखाली पत्रा पापुद्र्यांनी सुटलेला.

“पाण्याक वाट ठेव, बाबू. नायतर तां पत्रो खाऊन टाकतला.”

“आबा, वरून झडप नि आतून प्लेट, असं केलं तर?”

“मगे मधल्या पोकळीतला पाणी तुका दिसतला कसा?”

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण पुढची सगळी रचना त्यातून निघाली. झडपेभोवतीच्या पन्हळीत पावसाचं पाणी येतंच, मूळ रबर नवं असलं तरी थोडं येतं. ते बाहेर जायची वाट वेल्डिंगच्या थेंबांनी किंवा सीलंटने बुजली की काउलच्या पोटात खारं पाणी साचतं आणि बाहेरून रंग चकचकीत दिसत असताना आतून पत्रा जातो. हवा अडवायची पण पाण्याला नाही, हे साधायचं होतं.

तर आता रचना अशी आहे. वरची झडप मूळ जागी, मूळ लिव्हरसह. बिजागरीची पिन गंजून धरली होती. ती डिझेलमध्ये भिजवून सोडवली, पन्हळ खरवडून पत्रा उघडा पाडला, जिथे भोकं होती तिथे आबांनी नवा तुकडा जोडला, मग रेड ऑक्साइड आणि त्यावर इपॉक्सी रंगाचे दोन हात. झडपेखाली नवं पोकळ ईपीडीएम रबर (ऊन-पावसात टिकणारं). ते दाबलं गेल्यावर सगळीकडे सारखं बसतंय का, हे पाहायला झडपेच्या कडेला खडू घासून ती मिटली. रबरावर खडूची रेघ अखंड उमटली पाहिजे. एका कोपऱ्यात दोन इंच रेघच नव्हती. तिथे झडप जरा वाकलेली, आबांनी लाकडी हातोडीने सरळ केली.

त्याच्या खाली, केबिनच्या बाजूने, ५ मिमी पॉलिकार्बोनेटची पारदर्शक प्लेट. जुन्या जाळीच्या स्क्रूंची भोकं होती त्यातच बसवली, नवं एकही भोक पाडलं नाही. प्लेट आणि पत्रा यांच्यामध्ये बंद पेशींच्या फोमची पट्टी, स्टेनलेस बोल्ट आणि विंग नट. प्लास्टिक निवडायची दोन कारणं. ॲल्युमिनियमची प्लेट लोखंडी पत्र्याला टेकली की खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्लं जातं. आणि पारदर्शक असल्यामुळे डॅशखाली वाकून टॉर्च मारला की पोकळीत पाणी साचलंय का ते लगेच दिसतं. आबांना ती दाखवली तेव्हा त्यांनी स्वतः टॉर्च मारून पाहिला आणि मान डोलावली.

एक बारकावा. एसीची डक्ट या प्लेटच्या अगदी खालून जाते. इथल्या हवेचा दवबिंदू पावसाळ्याच्या तोंडावर २५-२७ अंशांवर असतो, म्हणजे त्याहून गार झालेल्या कुठल्याही पृष्ठभागाला घाम सुटणार. प्लेट गार पडली तर वरच्या पोकळीतली बाहेरची हवा तिच्यावर पाणी धरेल आणि गळती नसतानाही गळतीसारखं दिसेल. म्हणून प्लेटच्या खालच्या अंगाला १० मिमी नायट्राइल फोम चिकटवला, फक्त मधे हाताच्या पंजाएवढी खिडकी उघडी ठेवली.

पन्हळीच्या निचऱ्याची नळी पूर्वीच्या कुणा मालकाने बसवलेली, ती फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) मागे अर्धवट सोडलेली होती. ती लांबवून चासीच्या खाली काढली. टोकाला चोचीसारखी चपटी मिटणारी रबरी झडप लावली. पाण्याच्या वजनाने ती उघडते, एरवी मिटलेली राहते, त्यामुळे खालून गरम हवा वर चढत नाही. कूलिंग कॉइलच्या निचऱ्यालाही तशीच.

बाजूच्या झडपेला वेगळं काही केलं नाही, नवं रबर आणि आतून फोम लावलेलं झाकण. तिच्या तळाशी माती साचते, ती वर्षातून एकदा काढायचीच, एसी असो वा नसो.

हीटरच्या भोकाचा मात्र उपयोग करून घेतला. दोन माणसं बसलेली केबिन पूर्ण हवाबंद केली तर आत कार्बन डायऑक्साइड भराभर वाढतो. बसलेला माणूस मिनिटाला साधारण ०.३ लिटर सोडतो आणि या केबिनमध्ये हवा असून असून दोन घनमीटर. पाच-सहा मिनिटांत पातळी २००० पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत २००० भाग) जाते, बाहेर ती ४२० च्या आसपास असते. लांबच्या प्रवासात बंद गाडीत येणारी सुस्ती यामुळेही येते. म्हणून त्या भोकातून ५० मिमीचा पाइप घेऊन तो ब्लोअरच्या ओढीच्या बाजूला जोडला, मधे फुलपाखरी झडप आणि तोंडाशी धुता येणारी जाळी. पाइपमधला वेग मोजला त्यावरून मिनिटाला साधारण ४०० लिटर ताजी हवा येते. तिचा भार ०.३ किलोवॅट. तो मी आनंदाने सोसतो, कारण ही हवा आधी कॉइलवरून जाते, कोरडी होते आणि मग तोंडावर येते. फटीतून आलेली हवा तशीच दमट अंगावर येते.

या मालिकेत पेट्रोलची टाकी १९४९ पासून केबिनमध्ये, सीटच्या मागे आहे. उघड्या खिडक्यांत तिचा वास कुणाला जाणवत नाही. केबिन बंद केली की पहिल्या दिवशीच जाणवतो. तोंडाच्या नळीचं रबर, पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या फ्लोटच्या युनिटखालचं गॅस्केट आणि तोंड जिथे केबिनच्या बाहेर येतं तिथलं ग्रोमेट (रबरी कडं), तिन्ही बदलल्याशिवाय एसी चालू करू नका. एवढी एक गोष्ट कृपया मनावर घ्या. गळती शोधायला अगरबत्ती फिरवायची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. या गाडीत टाकी बाहेर काढल्याशिवाय ती पद्धत वापरू नये. मी गॅरेजचा ब्लोअर खिडकीतून आत सोडला, उरलेली फट चिकटपट्टीने बंद केली आणि बाहेरून साबणाचं पाणी मारलं. जिथे फुगे तिथे फट. सगळ्यात जास्त फुगे क्लचच्या पेडलच्या फटीत आणि वायरिंगच्या भोकाशी आले, झडपांपाशी एकही नाही. पेडलला जुन्या पद्धतीचे चामड्याचे बूट शिवून घेतले.

बाकीचं थोडक्यात. वायरिंग ६ व्होल्टचं १२ व्होल्टवर नेलं, अल्टरनेटर बसवला. इंजिन मूळचंच, २१६ घन इंच, म्हणजे साडेतीन लिटर. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे, त्याला स्वतंत्र पंखा. गॅस आर-१३४ए, भरण्याआधी तासभर व्हॅक्यूम धरून ठेवला.

चाचणीसाठी सावंतवाडीहून आंबोलीला नेली. खाली दाणोलीपर्यंत एसी चालू, डॅशच्या तोंडाशी थर्मामीटर ९ अंशांवर स्थिर, वेग वाढला तरी हलला नाही, हे मला हवं होतं. घाट लागल्यावर एसी बंद केला, चढावर या इंजिनावर कंप्रेसरचा भार टाकायचा नाही हे ठरलेलं. वर पोचल्यावर विंग नट सोडले, प्लेट काढून सीटखाली ठेवली आणि काचेच्या पायथ्याची झडप उघडली. सातशे मीटरवरचा तो वारा थेट गुडघ्यांवर येतो. वेल्डिंग केलं असतं तर हे सुख गेलं असतं, आणि ते या गाडीचं स्वतःचं आहे.

परतताना पावसाची एक सर आली आणि पुढची काच बाहेरून धूसर झाली. आतून पुसून काही होत नाही, वायपर फिरवला की जाते आणि पुन्हा येते. गार हवेचा झोत काचेवर पडला की काच दवबिंदूखाली जाते आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर बसते. काचेकडची तोंडं आता बंद करून ठेवली आहेत, झोत फक्त छातीकडे आणि पायाकडे. रात्री पावसात चालवणाऱ्यांनी हे आधीच करून घ्यावं.

ज्यांच्याकडे वेगळ्या गाड्या आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. १९६७ ते ७२ च्या शेव्हरोले सी-टेन पिकअपमध्ये काचेपुढच्या जाळीतून हवा काउलच्या पोटात जाते आणि दोन्ही बाजूंना पायाशी निघते. बाजारातल्या एसी किटबरोबर तिथे लावायची झाकणं येतात. ती लावण्याआधी काउलच्या तळातली पानं काढा, कारण गंज तिथूनच दाराखालच्या पट्टीत उतरतो. जुन्या टाटा-मर्सिडीजची गोष्ट निराळी. त्यातल्या बऱ्याच चासी आणि काउल एवढ्याच कारखान्यातून निघायच्या, केबिन स्थानिक सुतार-डेंटर लाकूड-पत्र्याची बांधायचे. तिथे झडपेपेक्षा लाकडाच्या सांध्यांतूनच जास्त हवा येते, तेव्हा साबणाच्या पाण्यापासून सुरुवात करा.

आणखी एक कारण सांगायचं राहिलं. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढच्या खासगी गाडीची व्हिंटेज नोंदणी करायची तर चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार चालत नाहीत. माझ्या गाडीतलं एसीचं सगळं सामान नट-बोल्टवर आहे, पत्र्याला कुठेही कापलेलं नाही. ज्यांना पुढे तो अर्ज करायचाय त्यांनी हे डोळ्यांसमोर ठेवून काम काढावं.

आता दारांचं रबर उरलंय. तयार मिळणारं जरा जाड पडतं आणि दार आपटावं लागतं, म्हणून कुडाळच्या एमआयडीसीत माझ्या मापाची पट्टी काढून मिळते का ते बघतोय. मृगाच्या आत बसवून घ्यायचंय. नमुना हातात आला की माप आणि रबराचा कडकपणा इथेच लिहीन, ज्यांना हवी त्यांनी एकत्र मागवली तर साच्याचा खर्च वाटून जाईल.