रंग सांगा, शब्द वाचू नका

सोलापुरात होम मैदानावरची गड्ड्याची जत्रा आटोपली, पाळणेवाल्यांनी खांब उतरवायला घेतले, की आमच्या कॉलेजच्या मानसशास्त्र विभागात ओपन डेची गडबड सुरू व्हायची. ही संक्रांतीची जत्रा आणि वार्षिक परीक्षा यांच्या मधे कसाबसा बसणारा तो एक दिवस. एरवी कुलूप लावलेली प्रयोगशाळा त्या दिवशी गावाला मोकळी. मी नव्वदच्या दशकात तिथं शिकलो. तेव्हा गुणपत्रिकेवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा शिक्का असायचा. सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते २००४ साली. शिक्का बदलला, पुढे विद्यापीठाला अहिल्यादेवींचं नाव मिळालं, ओपन डे मात्र चालूच राहिला. माजी विद्यार्थी म्हणून जमेल तेव्हा मीही जाऊन टेबलामागं उभा राहायचो.

येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "माझ्या मनात काय चाललंय सांगा बघू." वनस्पतीशास्त्रवाल्यांचं बरं असतं, चार कुंड्या मांडल्या की झालं. आमच्याकडे मांडायला होतं काय, तर लाकडी फळ्या, आरसा, स्टॉपवॉच आणि हातानं रंगवलेले पुठ्ठे. आमचे सर शांतपणे खुर्ची पुढं सरकवायचे. "इथं कुणी तुमचं मन ओळखत नाही. बसा, तुम्हीच ओळखा."

सगळ्यात मोठी रांग आरशातल्या चांदणीला. दुहेरी रेघेची चांदणी छापलेला कागद, समोर उभा आरसा, आणि हात थेट दिसू नये म्हणून मधे आडवी फळी. आरशात बघत दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. सरळ रेघेवर माणूस कसंबसं निभावतो. कोपरा आला की पेन्सिल भलतीकडेच पळते. डावीकडं जायचं ठरवावं आणि हात तिथल्या तिथं थरथरत राहावा. एक दणकट पैलवान गडी घाम पुसत ओरडला होता, "हात माझं ऐकंना झालाय बे!" त्याच्या मागची रांग खिदळायची आणि आपला नंबर आला की गप्प व्हायची.

वजनांच्या टेबलावर दोन डबे होते, एक मोठा, एक लहान, दोन्ही अगदी सारख्या वजनाचे. उचलले की लहान डबा जड वाटतो. शार्पांतिए नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं १८९१ मध्ये हे नोंदवलं. गंमत अशी, की खरं कळल्यावरही फसवणूक थांबत नाही. मार्केट यार्डातल्या एका अडत्यांना आम्ही दोन्ही डबे काट्यावर ठेवून दाखवले. त्यांनी पुन्हा उचलून पाहिले, पुन्हा पाहिले, आणि निकाल दिला: "काटा खोटा आहे तुमचा."

पण माझ्या लेखी ओपन डे म्हणजे स्ट्रूपचे पुठ्ठे. ते आम्ही विद्यार्थीच रात्री जागून रंगवायचो. 'लाल' हा शब्द हिरव्या रंगात, 'निळा' पिवळ्यात, असे ओळीनं. शब्द वाचायचा नाही, ज्या रंगात लिहिलाय तो रंग सांगायचा. ऐकायला सोपं, पण तिसऱ्या-चौथ्या शब्दाला जीभ अडखळते, कारण वाचणं थांबवता येत नाही. जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकन माणसानं १९३५ मध्ये हे काम प्रसिद्ध केलं, आणि नंतर संशोधन जवळजवळ बाजूला ठेवून तो बायबल शिकवण्यात रमला. एवढं अजरामर काम करून माणूस खुशाल दुसरीकडं निघून जातो, याचं मला आजही नवल वाटतं.

आमच्या वर्गात शहराच्या पूर्व भागातली, तेलुगू वस्तीतली एक मुलगी होती. तिची अव्वा, म्हणजे आजी, विडी कामगार. नात रोज कुठं जाते ते बघायला एका वर्षी ती आली. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. नातीनं तिला तेलुगूत समजावलं, मी स्टॉपवॉच दाबलं, आणि अव्वा सुरू झाली: एरुपु, नीलम, पसुपु... एकदाही न थांबता. पुठ्ठा संपला. तिच्या आधी आमचे मराठीचे प्राध्यापक बसले होते, झरझर वाचणारे, आणि सगळ्यात जास्त तेच अडखळले होते. अव्वाला ती अक्षरं म्हणजे नुसती रंगीत नक्षी. जे वाचताच येत नाही ते आडवं तरी कसं येणार? सर इतके खूश झाले की अख्ख्या वर्गाला त्यांनी तिच्याभोवती गोळा केलं. वर्षभर तास घेऊन जे आमच्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते तेव्हा शिरलं.

नंतर तिला आरशापुढं बसवलं. घरी टीव्ही बघता बघता विड्या वळणारा तो हात, पानाकडं बघावंही न लागणारा. चांदणीच्या पहिल्याच कोपऱ्यात रुतला. "ई चेय्यि नादि कादु," हा हात माझा नाहीच, म्हणत ती हसत सुटली. पण उठली नाही. पुन्हा कागद मागितला, मग आणखी एक, आणि शेवटच्या कागदावर पेन्सिल बऱ्यापैकी रेघांच्या आत राहिली.

तेव्हा सरांनी एच. एम. नावाच्या रुग्णाची हकीकत सांगितली. अपस्मारासाठी १९५३ मध्ये त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि नवं काही लक्षात ठेवण्याची शक्तीच गेली. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला हीच चांदणी काढायला दिली. रोज तो म्हणायचा, मी हे कधी केलेलं नाही. आणि रोज त्याच्या चुका कमी व्हायच्या. त्याचं खरं नाव हेन्री मोलायसन, हे जगाला कळलं तो २००८ मध्ये गेल्यावर. आम्हाला तेव्हा दोन अक्षरंच ठाऊक होती. अव्वानं नातीकडून सगळं समजून घेतलं आणि त्याला घरी जेवायला कोण घालायचं, एवढंच विचारलं.

पुढच्या वर्षांत नवी टेबलं आली. कापूस भरलेला रबरी हातमोजा आणि दोन ब्रश, एवढ्या सामानात परका हात आपला वाटायला लावणारा खेळ पोरांनी बसवला: खरा हात आडोशाला ठेवायचा आणि दोन्हींवर एकदमच ब्रश फिरवायचा. हातमोज्यावर हातोडा उगारला की भली भली माणसं किंचाळायची.

शेवटचं टेबल पाकिटांचं. आल्याबरोबर सही आणि दोन ओळी लिहून घ्यायच्या, जाताना 'तुमचं व्यक्तिमत्त्व' बंद पाकिटात द्यायचं. "तुम्ही वरून शांत दिसता, पण आत काळजी करता," असला मजकूर. लोक माना डोलवायचे. मग शेजाऱ्याचं पाकीट उघडायला सांगायचं: शब्दन् शब्द तोच! बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञानं १९४८ मध्ये विद्यार्थ्यांना असाच एक मजकूर वाटला होता, ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला; पाचपैकी सरासरी ४.२६ गुण मिळाले त्याला.

हे सगळं मी एका आजोबांना रंगवून सांगितलं आणि कागद परत मागितला. त्यांनी तो नीट घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला. "सगळ्यांचं आसंल की. माझं बरोबर लिवलंय का नाही?" पुढच्या वर्षापासून आम्ही झेरॉक्स जास्तीच्याच काढायला लागलो.