त्या पॉजमध्ये आई बोलते

रेडिओ निवेदक अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ ला मुंबईत गेले. वय ९१. घरच्यांनी बातमी दिली ती दुसऱ्या दिवशी, बुधवारी. बुधवार हा त्यांच्या गीतमालेचा, श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनवरच्या सिनेगीतांच्या कार्यक्रमाचा वार, ३ डिसेंबर १९५२ पासूनचा. त्या बुधवारी आमच्या स्टुडिओत जे काम आलं ते मी संध्याकाळपर्यंत पुरं करून दिलं, त्याचे पैसेही मिळाले. तरी ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

मी जुनी रेकॉर्डिंग साफ करते. लग्नाच्या कॅसेटी, खासगी मैफिली, कीर्तनं, कुणाच्या आजोबांचं भाषण. पोटापाण्यासाठी जाहिराती आणि डबिंगचं मिक्सिंग. आमच्याकडे चालू स्थितीतला तीन हेडचा कॅसेट डेक आहे. त्यामुळेच एका खासगी एफएम स्टेशनच्या निर्मात्याचा फोन आला. रात्री आठला पंचेचाळीस सेकंदांची श्रद्धांजली लावायची होती. श्रोत्यांना त्यांनी सकाळपासून आवाहन केलं होतं की घरी जुनं रेकॉर्डिंग असेल तर कळवा. डोंबिवलीचे एक गृहस्थ कॅसेट घेऊन निघालेही होते, पण स्टेशनात ती वाजवायला यंत्र नव्हतं. रेडिओ स्टेशनात कॅसेट वाजत नाही, ही आमच्या धंद्याची आजची अवस्था. जागा अडते म्हणून डेक आणि स्पूल भंगारात जाताना मी स्वतः पाहिलेत, आणि भंगारात घालणाऱ्यांना त्याचं काही वाटलेलं नाही.

फोन ठेवता ठेवता निर्माता म्हणाला, ‘‘मॅम, अगदीच नाही जमलं तर त्यांचा आवाज एआयवर बनवता येईल ना?’’ मी नाही म्हटलं. माणसाला जाऊन चोवीस तास झाले नव्हते.

डोंबिवलीचे ते गृहस्थ, म्हणजे काका, दुपारी आले. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त, मूळचे कराडचे. स्टीलच्या डब्यात, हातरुमालात गुंडाळलेली साठ मिनिटांची कॅसेट. वर बॉलपेनने फक्त ‘गीतमाला’ लिहिलेलं. तारीख नाही. दहावीच्या आसपास मामाने दिलेल्या टेपरेकॉर्डरवर त्यांनी ती भरली होती. घरात वायर जोडून भरायची सोय नव्हती. टेबलावर रेडिओ आणि त्याच्यासमोर टेपरेकॉर्डर, त्याच्या आतल्या माइकवर, असं ते रेकॉर्डिंग. म्हणजे रेडिओबरोबर अख्खी खोली भरलेली.

अशी कॅसेट हातात आली की लोक पहिली चूक करतात ती भरकन मागे-पुढे फिरवायची. इतकी वर्षं पडून राहिलेल्या टेपचे वेढे एकमेकांना चिकटलेले असतात, झटका बसला की टेप ताणली जाते किंवा तुटते. मी आधी कवच उघडलं. नशिबाने पाच स्क्रूचं होतं. चिकटवलेलं असतं तर कापावं लागलं असतं. टेपला हेडवर, म्हणजे ती वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारा स्पंजचा बारीक तुकडा गळून पडला होता. दोन्ही चकत्या उचलून नव्या कवचात बसवल्या. हेड अल्कोहोलने पुसलं. मग अझिमथ, म्हणजे हेडचा तिरकेपणा जुळवणं. हेडच्या बाजूला एक चिमुकला स्क्रू असतो. ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याचं हेड किती तिरकं होतं, हे आता कुणाला ठाऊक? म्हणून टेप वाजत असताना तो स्क्रू केसाएवढा फिरवत जायचं आणि कान देऊन बसायचं. एका जागी ‘स’ आणि ‘श’ एकदम मोकळे होतात. यासाठी मीटर असतात, पण मी अजून कानावरच करते. माझ्या सरांनी तसंच शिकवलं, आणि या एका कामात मी कुणाला हार जात नाही.

मग वेग. सयानींचा आवाज बारीक आणि घाईचा येत होता. म्हणजे भरताना सेल उतरलेले असणार. यंत्र तेव्हा हळू चाललं, त्यामुळे आज बरोबर वेगाने वाजवलं की सगळं पळतं. रेडिओ विजेवर असेल तर त्याची पन्नास हर्ट्‌झची घूं ऐकून वेग ठरवता येतो असं पुस्तकात असतं. आपल्याकडे त्या काळात विजेची वारंवारता पन्नासवर ठरलेली कुठे असायची? मी तो नाद सोडला आणि कॅसेटवरच्या गाण्याचा सूर मूळ तबकडीशी जुळवला. सूर जुळला तसा आवाज खाली आला, रुंद झाला, आणि खुर्चीत बसलेले काका ताठ झाले. ‘‘हां. हे ते.’’

आता त्या आवाजाविषयी.

कार्यक्रमाची टेप मुंबईत भरून विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून शॉर्टवेव्हवर परत आपल्या घरात यायची. पन्नासच्या दशकात माहिती आणि नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर, आपले मराठीच, त्यांनी आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळजवळ बंद करून टाकली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. ही गोष्ट सगळे सांगतात. कमी सांगितली जाते ती ही, की गीतमाला सुरू झाली तेव्हा ती स्पर्धा होती. वेगवेगळ्या वर्षांची सात गाणी उलटसुलट क्रमाने लावायची, श्रोत्यांनी सालवार क्रम लावून पत्र पाठवायचं, बक्षीस शंभर रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली. पुढे आठवड्याला पासष्ट हजारांवर गेली, इतकी पत्रं तपासणं कुणाच्या हातात राहीना, आणि मग लोकप्रियतेच्या पायदानांचा, म्हणजे क्रमवारीतल्या पायऱ्यांचा, कार्यक्रम झाला. निवेदकाला या कामाचे आठवड्याला पंचवीस रुपये मिळत. थोरले भाऊ हमीद सयानी १९७५ मध्ये गेल्यावर बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्टही अमीनसाहेबांकडे आली. बहुतेक श्रद्धांजल्यांत ते ‘गाणी सांगणारा मधुर आवाज’ एवढेच उरले. माझ्या कानाला ते आधी प्रश्न विचारणारे आहेत, शेवटपर्यंत. पायदान जाहीर करायचं, गाणं मागच्या आठवड्यात कुठे होतं ते सांगायचं, वर चढलं की घसरलं त्याची हुरहूर लावायची, आणि नाव सांगायच्या आधी थांबायचं.

काकांच्या कॅसेटवर ते थांबणं मी पहिल्यांदा नीट ऐकलं. आजवर मी त्यांना स्टुडिओतल्या स्वच्छ प्रतींवर ऐकलं होतं. तिथे पॉज म्हणजे पॉज, मागे शांतता. इथे सयानी थांबले की कराडच्या घरातली माणसं बोलतात.

‘‘किशोरचं हाय. पैज लाव.’’ हा भाऊ.

‘‘गप रं, त्यो बोलतोय.’’ ही आई. आणि लगेच तीच, ठामपणे, ‘‘लताचंच हाय बघ.’’

मग सयानी गाण्याचं नाव सांगतात, एकजण ओरडतो, भांडं वाजतं, गाणं सुरू होतं. पुढच्या पायदानाला पुन्हा तेच. ते थांबतात, घर बोलतं, ते पुढे जातात. पुढे ते बोलायला लागतात तेव्हा घरातलं वाक्य बहुतेक वेळा पुरं झालेलं असतं. कोलंबोहून येणाऱ्या लाटेवर आवाज मधूनच पोकळ होतो, दूर जातो, परत येतो. पण गाण्याचं, सिनेमाचं, गाणाऱ्याचं नाव ते असं सुटं सुटं, ठाशीव सांगतात की लाट एक शब्द खाऊन गेली तरी पुढच्या शब्दावरून अंदाज येतो. ही मोजून केलेली कारागिरी आहे असं मला वाटतं. शॉर्टवेव्हवर ज्याने आयुष्य काढलं त्याला आपला आवाज त्या टोकाला कसा पोचतो हे ठाऊक असणारच.

हिंदी निवेदनाच्या चाचणीत आकाशवाणीने याच माणसाला उच्चारांत गुजराती आणि इंग्रजीचा वास येतो म्हणून नाकारलं होतं. चाचणी घेणाऱ्यांना उच्चार ऐकू आले असतील. थांबणं त्यांनी मोजलं नसावं.

आता स्टेशनचं काम. निर्मात्याला काकांच्या घरातले आवाज नको होते. ‘‘फक्त सयानी द्या, क्लीन, आणि गॅप टाइट करा.’’ माझ्या हाताखालचा मुलगा हुशार आहे, पण बटण दाबून मोकळा होणाऱ्यांतला. त्याने खरखर काढायचं सॉफ्टवेअर पूर्ण जोरावर चालवलं आणि सयानी पाण्याखालून बोलायला लागले. ते मी पुसलं. घूं वेगळी काढली, शिट्ट्या एकेक करून हाताने काढल्या, खरखर निम्म्यावर ठेवली. शॉर्टवेव्हचा आवाज थोडा राहिलाच पाहिजे, नाहीतर तो आवाज कुठून आला हेच कळत नाही.

गॅप टाइट करणं सोपं असतं. पॉज निवडायचा, कापायचा, कडा जुळवायच्या. मी रोज करते. आरजेंच्या बोलण्यातला श्वाससुद्धा कापते, तसंच मागतात. परिणाम असा की आजचा रेडिओ श्वास न घेता बोलतो आणि ऐकणाऱ्याला मध्ये तोंड उघडायला जागा देत नाही. कॅसेटवरचा सर्वांत लांब पॉज तीन सेकंदांच्या आत होता. मी निर्मात्याला म्हटलं, एक तरी ठेव, तोच तर हा माणूस आहे. तो म्हणाला, तीन सेकंदांत लोक स्टेशन बदलतात. पस्तीस वर्षांच्या मुलाशी यावर वाद घालताना माझा आवाज चढला. शेवटी मी दोन फायली पाठवल्या. एक त्याला हवी तशी, एक मला हवी तशी, घरातल्या बोलण्यासकट, बरोबर पंचेचाळीस सेकंदांची. आठ वाजता पहिली लागली. ती वाईट नव्हती. आवाज स्वच्छ होता, आणि ‘बहनो और भाइयो’ हा क्रम तरी बरोबर राहिला. दिवसभर जो तो भावांना आधी घालत होता.

पण माझं अडकलंय ते काकांपाशी. मी पॉज कापत होते तेव्हा ते मागे बसून स्क्रीनकडे बघत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘पोरी, हे जे तू काढतीयेस, ते मला वेगळं देशील? आईचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठे नाही. फोटो आहेत.’’

ते रेल्वेच्या पहिल्या नेमणुकीवर असताना आई गेली होती. श्रद्धांजलीच्या निमित्ताने ते डोंबिवलीहून का आले होते ते मला तेव्हा कळलं.

दोन माणसं एकाच वेळी बोलत असतील तर एकाच माइकवरून त्यांना वेगळं करणं आजही अवघड आहे. गाण्यातून वाद्यं निघतात, आवाजातून आवाज अखंड निघत नाही. स्क्रीनवर सयानींच्या आवाजाचे पट्टे आणि आईच्या आवाजाचे पट्टे एकमेकांवर चढलेले दिसतात. एक खरवडला की दुसऱ्याचं कातडं निघतं. जिथे ती त्यांच्यावर बोलली आहे तिथे मी काही करू शकले नाही. ती स्वच्छ, पूर्ण, एकटी ऐकू येते ती फक्त त्यांनी थांबून ठेवलेल्या जागांत. स्टेशनसाठी मी जे तुकडे टाकून देत होते, तेवढेच.

मी ते तुकडे जोडून काकांना ऐकवले. ‘गप रं.’ ‘लताचंच हाय बघ.’ ‘दूध बघ जा कुणीतरी.’ ‘म्हटलं नव्हतं?’ काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. ‘‘असं नको. हे कुणाशी बोलतीये ते कळत नाही. त्यांनाही ठेव.’’ मग मी अख्खी बाजू काहीही न कापता, फक्त साफ करून, पेनड्राइव्हवर दिली. पैसे घेतले नाहीत. त्यांनी बळेच पेढ्यांचा पुडा ठेवला.

एक राहिलं. कॅसेटची बाजू कार्यक्रम पुरा व्हायच्या आत संपते. पहिल्या पायदानाची ललकारी होते, सयानी थांबतात, भाऊ किशोरकुमारचं एक गाणं सांगतो, आई लताबाईंचं, आणि टेप खट्‌ करून बंद. कोण जिंकलं ते काकांना आठवत नाही. भाऊ आता नाही. गाण्यांवरून वर्ष निघतं, आठवडा निघत नाही, आणि वर्षअखेरच्या याद्या मिळतात, तरी त्या एका बुधवारचं पहिल्या पायदानाचं गाणं त्यांतून कळत नाही. दर आठवड्याची पायदानं वहीत लिहून ठेवणारे श्रोते गावोगाव होते. अशी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची वही कुणाच्या घरात असेल तर मला कळवा. कॅसेटवर ऐकू येणाऱ्या गाण्यांचा क्रम मी पाठवते, त्यावरून आठवडा जुळेल. काकांनी दोनदा फोन करून विचारलंय.