बर्लिनचं बिऱ्हाड: पत्रपेटीवर आधी नाव लावा

ऑगस्ट २०२४ मध्ये आम्ही चौघं बर्लिनला उतरलो. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार. नवऱ्याची नोकरी बारा दिवसांनी सुरू होणार होती, तेवढ्यात घर लावून होईल असा आमचा समज. चौथ्याच रात्री धाकट्याचा कान ठणकायला लागला.

नोकरदारांचा आरोग्य विमा इथे कामाच्या पहिल्या दिवसापासून लागतो. त्याआधीचे दिवस प्रवास विम्यावर काढायचे, म्हणजे डॉक्टरचं बिल आधी आपण भरायचं आणि मग पावत्या जोडत बसायचं. आमची पॉलिसी दोन आठवड्यांची होती, कशीबशी पुरली. तुम्ही महिन्याची काढा. जिवावरचं नसेल तर रात्री डॉक्टरसाठी ११६११७ लावायचा, ११२ खऱ्या आणीबाणीसाठी.

विमा पब्लिक घ्यायचा की प्रायव्हेट, यावर सगळे सल्ले देतात. २०२४ मध्ये नोकरदाराला प्रायव्हेट घ्यायचा तर पगार वर्षाला ६९,३०० युरोंच्या वर लागायचा. एजंट जो हप्ता सांगतात तो एका माणसाचा, बायकोमुलांचा प्रत्येकी वेगळा. पब्लिकमध्ये पगाराच्या १४.६ टक्के आणि वर थोडा अधिभार जातो, त्यातला निम्मा कंपनी भरते. मुलं आणि न कमावणारा जोडीदार त्यातच फुकट. प्रायव्हेटमधून परत फिरणं अवघड, पंचावन्नीनंतर तर जवळजवळ अशक्य. पोरंबाळं असलेल्यांनी यावर फार डोकं शिणवू नये असं माझं मत.

आता पत्रपेटी. इथे पत्त्यात सहसा फ्लॅटचा नंबर नसतो, पोस्टमन आडनाव वाचून पत्र टाकतो. आमच्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव तसंच होतं. विम्याची कार्डं येईनात म्हणून तीन आठवडे फोनाफोनी केली, ती केव्हाच परत गेली होती. शेवटी तळमजल्यावरच्या आजींनी हाताला धरून पेटीपाशी नेलं आणि नावावर बोट ठेवलं. नवऱ्याने चिकटपट्टीवर पेनने आडनाव लिहून लावलं. दुसऱ्या दिवसापासून पत्रांची रीघ.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. थोड्या मुदतीच्या घरांचे मालक ते द्यायला कुरकुरतात, म्हणून पैसे भरण्याआधी विचारा. टॅक्स नंबर, शाळा, मुलांचा सरकारी भत्ता, सगळं नोंदणीच्या या एका कागदाला लटकलेलं.

शाळा सक्तीची आहे, घरी शिकवण्याची पळवाट नाही. जर्मन येत नसल्याने मुलीला विलकोमेन्सक्लासमध्ये, म्हणजे आधी जर्मन शिकवणाऱ्या वर्गात, घातलं. शाळा आपण निवडत नाही, जागा असेल तिथे मिळते. आमची दोन ट्राम बदलून. बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते, बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटणी होते. नऊ-दहा वर्षांचं मूल घेऊन येणाऱ्यांनी शहर ठरवताना हे जरूर बघावं, आम्ही बघितलं होतं. आणि हो, १ गुण म्हणजे उत्तम, ६ म्हणजे नापास. पहिल्या चाचणीत १ बघून मी उगाच तोंड पाडलं होतं.

मार्च २०२० पासून शाळा आणि किटा, म्हणजे बालवाडी, दोन्हींसाठी गोवराच्या दोन डोसांचा पुरावा लागतो. ऑफिसातल्या बाईंनी आमच्या लसीकरण कार्डावर पट्टी ठेवून एकेक ओळ वाचली. एक शिक्का पुसट निघाला, झालं, पुन्हा डॉक्टर. निघण्याआधी तारखांची टाइप केलेली इंग्रजी यादी सही-शिक्क्यासह आणा.

बर्लिनमध्ये किटाला फी नाही, २०२४ मध्ये महिन्याला २३ युरो तेवढे जेवणाचे पडायचे. पण आधी सरकारी व्हाउचर काढायचं आणि मग जागा शोधत फिरायचं. मिळाली तरी पहिले काही आठवडे पालकाने सोबत बसायचं, रोज थोडं थोडं दूर सरकत. मी पंधरा दिवस गुडघे छातीशी घेऊन वीतभर खुर्चीत बसले. तेव्हा दोघांनी एकाच महिन्यात नोकरी धरू नका.