मस्टरमधले दोन रकाने

चोपड्याजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, मी सात वर्षं हिशेब लिहितेय. परवा मस्टरवर हात थांबला. पट्ट्यावर कवडी, म्हणजे खराब कापूस, वेचायला बाया आणि गडी शेजारी शेजारी उभे, कापसाची धूळ दोघांच्याही नाकातोंडात. दिवसाची मजुरी मात्र बाईला शंभर रुपये कमी. इतकी वर्षं ते आकडे मीच लिहीत आले, हे फार लागलं.

शेठना विचारलं, "काम एकच, मग रकाने दोन का?"

"ताई, पहिल्यापासून असंच आहे."

म्हटलं, समान कामाला समान वेतनाचा कायदा 1976 सालीच झाला, माझ्या जन्माच्याही आधी. ते गप्प झाले. निर्णय अजून नाही.

संध्याकाळी पदरानं तोंड पुसत एक मावशी खिडकीशी आली. "माय, तू बोलनी ते बरं जयं."

शनिवारच्या मस्टरला मी एकच रकाना आखलाय.